बिनचिठ्ठीची बरणी

ही गोष्ट खरी आहे.

खरी म्हणजे, कुणाकडून तरी ऐकली आणि तिखटमीठ लावून सांगितली, अशातली नाही. ती बरणी मी माझ्या हातानं उचललेली आहे. तिच्यातून आलेला आवाज माझ्या कानांनी ऐकलेला आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

अजून एक सांगतो. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, मध्यरात्र लागते, पिंपळ लागतो. इथं त्यातलं काहीच नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं. मे महिना, साल दोन हजार चोवीस. गाव आपलं छत्रपती संभाजीनगर. उस्मानपुऱ्याकडचं एक जुनं कॉलेज. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही, कारण आमचं माणूस अजून तिथं काम करतं.

ते माणूस म्हणजे रत्नमाला. माझी मावसबहीण.

रत्नमाला बिरूकाकांची पोरगी. काकांची कन्नड तालुक्यात मेंढरं आहेत. घरात शिकलेली ही पहिलीच. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली, पुंडलिकनगरात खोली घेऊन राहिली, आणि काम मिळालं ते काय... समुद्रातले खेकडे मोजायचं!

पोरीनं आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. आम्ही तिला लई चिडवायचो. "मेंढरं सोडली आणि खेकडे राखायला बसली," म्हणायचो. ती हसायची. पण एकदा मला म्हणाली होती, "दादा, हे काम नीट झालं ना, तर मला दोन वर्षं किनाऱ्यावरच पाठवतील. फेलोशिप हाय. मग रोज समुद्र."

तेवढंच तिला पाहिजे होतं. हे लक्षात ठेवा.

काम असं होतं. जुन्या कॉलेजांत प्राण्यांचं एक संग्रहालय असतं. चाळीस-पन्नास वर्षं तिथली पोरं कोकणात, गोव्याला, कुठं कुठं सहलीला जातात आणि येताना बादलीत खेकडे, कोळंबी, शेवंडं घेऊन येतात. मग ते फॉर्मलिनच्या बरणीत जातात आणि कपाटात धूळ खात बसतात. आता एका मोठ्या प्रकल्पात ठरलं की अशा सगळ्या बरण्या तपासायच्या. कोणता जीव कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या साली सापडला, याची यादी करायची. संभाजीनगरच्या बरण्या रत्नमालाच्या वाट्याला आल्या.

यात सगळा जीव असतो तो चिठ्ठीत.

प्रत्येक बरणीच्या आत, त्या पाण्यातच, कागदाची एक चिठ्ठी असते. शिसपेन्सिलीनं लिहिलेली. शाई फॉर्मलिनमध्ये विरघळते, पेन्सिल नाही. चिठ्ठीवर तीन गोष्टी. कुठं सापडला, कधी सापडला, कुणी पकडला. चिठ्ठी असली तर तो खेकडा पुरावा असतो. नसली तर नुसता मेलेला खेकडा.

दोनशेच्या वर बरण्या तिनं पंधरा दिवसांत उरकल्या. राहिलं चौथं कपाट.

चौथ्या कपाटात एकतीस बरण्या होत्या. एकाही बरणीत चिठ्ठी नव्हती.

"हे असं कसं काय, मामा?" तिनं हनुमानमामांना विचारलं. हनुमानमामा म्हणजे तिथले शिपाई. पन्नाशीचे, तोंडानं फटकळ, मनानं गरीब.

"बारा साली तपासणी आली व्हती," मामा म्हणाले. "बाहेरून साहेब लोकं येनार म्हनून बरण्या चकाचक करा म्हनले. आतल्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या, घाण दिसत्यात, काढून टाका. बाहेरून छापील कागद चिटकवले. पुंजारामदादा शिपाई व्हते तवा इथं. लई सांगितलं बिचाऱ्यानं, चिठ्ठी आतच ऱ्हाऊ द्या म्हनून. ऐकतं कोण?"

"मग छापील कागद कुठंयत?"

"डिंक तो. दोन उन्हाळ्यात गळून पडले. झाडून टाकले आम्ही."

रत्नमालानं कपाळावर हात मारून घेतला.

एकतीसपैकी तीस बरण्यांत साधे खेकडे होते, कुठंही मिळणारे. त्यांचं दुःख नव्हतं. पण एकतिसावी बरणी... तिच्यातला खेकडा वेगळा होता. पाठीवर फिक्या ठिपक्यांची नक्षी, एक नांगी दुसरीच्या दुप्पट, आणि डाव्या बाजूचा एक पाय अर्धा तुटलेला. तिनं पुस्तकं पालथी घातली. प्रकल्पाच्या यादीत हा खेकडा आपल्या राज्याच्या किनाऱ्यावरून कुणीच नोंदवलेला नव्हता. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

विभागप्रमुख तनुजा मॅडमना तिनं दाखवला. मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"रत्नमाला, हा महाराष्ट्रातला निघाला ना, तर तुझी फेलोशिप पक्की समज," त्या म्हणाल्या. "पण ठिकाण पाहिजे. ठिकाण नाही तर खेकडा नाही. एकतीस मेपर्यंत यादी जायची आहे. बघ काही सापडतंय का."

त्या दिवशी मेची अठरा तारीख होती.

तिनं जुनी रजिस्टरं शोधली. वाळवीनं खाल्लेली निघाली. जुन्या सरांना फोन केले. कुणाला आठवेना. बावीस तारखेला दुपारी ती एकटीच संग्रहालयात बसली होती. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडलेला. लाईट गेलेली. समोर ती बरणी.

आणि मग तिनं ते केलं.

इतर कपाटांतल्या निम्म्याहून जास्त बरण्या रत्नागिरीच्या होत्या. म्हणजे ही पण तिथलीच असणार, असा तिनं मनाशी हिशेब लावला. कोरा कागद कापला. पेन्सिलीनं लिहिलं. रत्नागिरी. साल अंदाजानं. पकडणारा म्हणून त्या काळच्या सरांचं नाव. चिठ्ठी बरणीत सोडली, झाकण लावलं, आणि झाकणाच्या कडेनं मेण ओतून बरणी बंद केली.

मग तिनं दाराकडं बघितलं. चोरी करणारा बघतो तसं.

दुसऱ्या दिवशी ती जेवून आली. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

टेबलावर चिठ्ठी पडलेली होती.

ओली... थेंब गळत असलेली...

तिनं बरणी पाहिली. झाकण घट्ट. मेण जसंच्या तसं. कुठं चीर नाही, ओरखडा नाही. आत खेकडा. चिठ्ठी तेवढी बाहेर.

ती दोन पावलं मागं सरकली. पण शिकलेली पोरगी ती. तिला वाटलं, आपणच विसरलो असू. टाकलीच नसेल आत. हनुमानमामांनी थट्टा केली असेल. तिनं मेण फोडलं, चिठ्ठी पुन्हा आत टाकली, पुन्हा मेण लावलं. या वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवला. खोलीला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी कुलूप तिनंच उघडलं.

चिठ्ठी टेबलावर होती.

आणि आता तिला अजून एक गोष्ट दिसली. आधी दिसायला पाहिजे होती, पण दिसली नव्हती. कपाटातल्या तीस बरण्यांवर बोटभर धूळ होती. ही एक बरणी मात्र स्वच्छ होती. आरशासारखी. कुणी रोज पुसावी तशी.

"मामा, ही बरणी तुम्ही पुसता का?"

हनुमानमामा दारातच उभे होते. आत येत नव्हते. तिच्या तेव्हा लक्षात आलं की मामा दुपारी दोननंतर कधीच आत येत नाहीत. काही द्यायचं असलं तरी उंबऱ्यावरून देतात.

"म्या नाय," मामा म्हणाले. "अन् ताई... तुम्ही बी दुपारचं नका बसत जाऊ इथं."

"का?"

मामा पाठ फिरवून जिना उतरून गेले.

ती बसली. हट्टी आहे आमची रत्नमाला. खुर्ची बरणीसमोर ओढली आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसली.

दोन वाजले.

दोन वाजून दहा.

पंखा गरगरत होता. तो थांबला. लाईट गेली.

खोलीत एकदम शांत झालं. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाजसुद्धा येईना. मग वास आला. फॉर्मलिनचा नाही, त्याची तिला सवय होती. हा दुसराच. तंबाखूला चुना लावून तळहातावर मळावी, तसा.

आणि मग...

किर्र... किर्र... किर्र...

ओल्या फडक्यानं काच पुसल्यावर होतो तो आवाज. तिच्यापासून हातभर अंतरावर. बरणीतून.

बरणी हलत नव्हती. पाणी हलत नव्हतं. फक्त काचेवर गोल गोल आवाज फिरत होता. सावकाश. काम करणाऱ्या माणसाच्या हातचा असावा तसा.

रत्नमालानं नजर बरणीवरून हलवली नाही.  ती मला नंतर म्हणाली, "दादा, मी डोळे मिटले नव्हते. एक पापणी पडली असंल. तेवढ्यात चिठ्ठी बाहेर होती."

ती धावतच खाली आली. हनुमानमामा पायरीवर बसलेले. तिनं त्यांच्यासमोर रडायलाच सुरुवात केली.

"पुंजारामदादा हायेत," मामा हळूच म्हणाले. "मला बी लई येळा ऐकू आलंय. ती बरणी त्येंच्या लाडाची. रिटायर झाले अन् सहा महिन्यांत गेले. बायको हाय त्येंची मुकुंदवाडीला. वच्छलाबाई. इचारा तिला जाऊन."

मी मुकुंदवाडीलाच राहतो. त्यामुळं तिनं मला फोन केला आणि माझ्या स्कूटरवरून आम्ही गेलो. रेल्वे स्टेशनमागची गल्ली. पत्र्याचं घर, दाराशी तुळस. वच्छलाबाई सत्तरीच्या, काटक, तोंडात दात कमी पण बोलणं पैलवानाचं.

भुताचं आम्ही काही बोललो नाही. रत्नमाला एवढंच म्हणाली की मी कॉलेजातून आले, पुंजारामबाबांच्या बरण्या आता मी बघते.

म्हातारीचा चेहरा उजळला.

"मंग तो खेकडा असंल की तिथं! ठिपक्यांचा? एक पाय मोडका?"

रत्नमाला माझ्याकडं बघायला लागली.

"त्यो आमच्या ह्यांनी धरलेला," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोरांची सहल गेली व्हती हर्णैला. चौऱ्याण्णवचं साल. ह्येंना बी नेलं सरांनी संगं. आठ दिस. सारी गल्ली सोडाया आली व्हती मोटारीपतोर. तिथं खडकात हात घालून ह्येंनी त्यो धरला. नांगी लागली, रगत आलं, पन सोडला नाय. मंग सरांनी चिठ्ठीवर ह्येंचं नाव लिवलं. पुंजाराम. कालेजात शिपायाचं नाव कोन लिवतं, बाई? पर लिवलं."

"समुद्राचं सांगायचे का बाबा काही?" रत्नमालानं विचारलं.

"जलमभर तेच सांगितलं! पानी कसं येतं, कसं जातं, वाळूत पाय कसा रुततो. म्या कुठं पाह्यला? पर ह्येंनी सांगितलं म्हंजी म्या पाह्यल्यावानीच." म्हातारीनं पदरानं डोळे टिपले. "त्या तपासनीच्या वक्ताला चिठ्ठी काढून टाकाया लावली. तवापसून माणूस मिटलाच. जेवंना, बोलंना. बाई, तुमच्या हातात असंल तर ह्येंचं नाव घाला पुन्हा. येवढं करा."

मी रत्नमालाला परत आणून सोडलं. कॉलेजच्या दाराशी उतरली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

बघा ना, सगळंच जमून आलं होतं. ठिकाण मिळालं, हर्णै. साल मिळालं. पकडणाऱ्याचं नाव मिळालं. पुंजारामबाबा का अस्वस्थ आहेत तेही कळलं. त्यांचं नाव चोरून तिनं दुसऱ्याचं लिहिलं होतं. आता त्यांचं त्यांना दिलं की ते शांत होणार, म्हातारी सुखी होणार, आणि आपली पोरगी समुद्रावर जाणार.

तिनं नवीन चिठ्ठी लिहिली. हर्णै. डिसेंबर १९९४. पुंजाराम.

बरणीत सोडली. मेण लावलं. हात जोडले.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आतच होती. तिसऱ्या दिवशीही. वास नाही, आवाज नाही. तिनं मॅडमना सांगितलं, मॅडमनी यादी वरती पाठवून दिली. सत्तावीस तारखेला फोनही आला. फेलोशिपसाठी रत्नमालाचं नाव पहिलं आहे, म्हणे. तिनं मला पेढे दिले. त्याच दिवशी मी वच्छलाबाईंना स्कूटरवर घालून कॉलेजात आणलं.

म्हातारीला वाचता येत नाही. तिनं काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "कुठं हाय नाव? दाव."

रत्नमालानं दाखवलं. वाचूनही दाखवलं.

वच्छलाबाईंनी त्या काचेवर डोकं टेकलं, देवाच्या पायरीवर टेकावं तसं. आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा वाटलं, संपली गोष्ट.

अठ्ठावीस तारखेला दुपारी अडीचच्या सुमाराला मला फोन आला. रत्नमालाचा.

"दादा... चिठ्ठी बाहेर आली."

मी काम टाकून गेलो. टेबलावर ओली चिठ्ठी पडलेली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. कागद तोच, कात्रीची कड तीच. पण त्यावर काही नव्हतं. हर्णै पुसलेलं. पुंजाराम पुसलेलं. अंगठ्यानं दाबून दाबून घासावं तसा मधला कागद मळका आणि पातळ झाला होता.

शिसपेन्सिल फॉर्मलिनमध्ये जात नाही. म्हणून तर ती वापरतात.

मग ही कुणी पुसली?

"स्वतःचं नाव कोण पुसंल, दादा?" रत्नमाला पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

आम्ही हनुमानमामांना गाठलं. मामा आधी काही सांगेनात. मग तिनं ती चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली. मामांनी ती पाहिली आणि खालीच बसले.

"दादानं शपथ घातली व्हती," ते म्हणाले. "पर आता त्यानंच पुसलं म्हटल्यावर... ताई, पुंजारामदादा हर्णैला गेलाच नाय."

"काय?"

"यादीत नाव व्हतं. गल्लीत साऱ्यांला सांगून बसला व्हता. गाडीत बसला बी. अन् ऐन टायमाला एक सीट कमी पडली. पोरं वाढली व्हती. सरांनी उतरवलं त्येला, क्रांती चौकात. आता घरी कोनत्या तोंडानं जायचं? गल्ली सोडाया आलती. मंग दादा इथं आला. आठ दिस इथंच ऱ्हायला, ह्या बरण्यांत. म्या डबा आनून द्यायचो चोरून. दिसभर बरण्या पुसायचा अन् चिठ्ठ्या वाचायचा. समुद्र त्येनं ह्या कपाटातच पाह्यला."

"आणि खेकडा?"

"त्यो आधीचाच. लई आधीचा. कुठला, कोनाचा, ते चिठ्ठीवर व्हतं. चिठ्ठी दादानंच काढून फेकली ना, साहेबांच्या हुकमानं. दुसऱ्या कोनाचं नाव व्हतं तिच्यावर. ते त्येला ठावं. मला नाय."

 मामांनी त्या सहलीची फाईल काढून दिली. यादीत शेवटचं नाव होतं पुंजारामचं. त्यावर लाल शाईची रेघ ओढलेली.

आता रत्नमालाची पंचाईत बघा. यादी गेलेली. फेलोशिप दारात आलेली. तिनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर जगात कुणालाही कळणार नव्हतं. मॅडमना माहीत नाही, वरच्यांना माहीत नाही. चिठ्ठी पुन्हा लिहायची, फोटो काढायचा, कपाट बंद करायचं. संपलं.

त्या संध्याकाळी तिनं गावी फोन लावला. काय झालं ते सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "आबा, आपल्या कळपात दुसऱ्याचं मेंढरू आलं तर तुम्ही काय करता?"

बिरूकाका म्हणाले, "येगळं बांधतो. चारापानी करतो. दोन-तीन बाजारात इचारतो."

"अन् मालक नाय मिळाला तर?"

"नाय तर नाय. ऱ्हातं आपल्यापाशी. पर आपली खूण नाय पाडायची त्येच्या कानावर. कोनाचं तरी हाय ते. का गं? काय झालं?"

"काय नाय," म्हणून तिनं फोन ठेवला. ती रात्र तिनं रडून काढली, हे तिनंच मला सांगितलंय.

तीस तारखेला ती मॅडमकडं गेली. हर्णैची नोंद खोटी आहे, मागं घ्या, म्हणाली. मॅडम आधी भडकल्या.  मग त्यांनी नोंद मागं घेतली. फेलोशिप दुसरीकडच्या कुणाला तरी गेली. चौथ्या कपाटातल्या तीस बरण्या निकामी म्हणून जूनमध्ये खड्ड्यात पुरल्या. एकतिसावी मात्र मॅडमनी ठेवू दिली.

त्या बरणीत रत्नमालानं तिसरी चिठ्ठी टाकली.

ठिकाण माहीत नाही. साल माहीत नाही. कुणी पकडला, माहीत नाही.

ती चिठ्ठी आजपर्यंत बाहेर आलेली नाही. परवापर्यंत तरी वास नाही. आवाज नाही. पंखा बंद पडला तरी खोलीत नुसता उकाडा असतो. हनुमानमामा आता दुपारीही आत जातात. रत्नमाला तिथंच तासिकेवर शिकवते. समुद्र तिनं अजून पाहिलेला नाही.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण एक सांगायचं राहिलंय. तेच मला चैन पडू देत नाही.

वच्छलाबाईंना आम्ही काही सांगितलं नाही. काय सांगणार? तीस वर्षं उराशी धरलेला समुद्र म्हातारीच्या हातून कसा काढून घ्यायचा? ती सगळ्या मुकुंदवाडीला सांगत फिरते, कालेजात आमच्या ह्येंचं नाव हाय, काचेच्या आत हाय, कुनाला पुसता यायचं नाय. महिन्या-दोन महिन्यांनी ती माझ्या दारात येऊन उभी राहते. "चल रं बाबा, नाव बघून येऊ." मी नाही म्हणू शकत नाही.

परवा तिला घेऊन गेलो. एरवी सकाळीच नेत आलो होतो, परवा दुपार झाली. रत्नमालानं बरणी टेबलावर ठेवली. म्हातारीनं पदरानं काच पुसली, बोट टेकवलं आणि म्हणाली,

"वाच."

रत्नमालानं माझ्याकडं पाहिलं. चिठ्ठीवर माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही. तिनं दर वेळी वाचते तसं वाचलं.

"हर्णै. डिसेंबर चौऱ्याण्णव. पकडणारे... पुंजाराम."

पंखा थांबला.

कुठून तरी चुन्याचा वास आला.

आणि बरणीच्या आतून, म्हातारीच्या बोटाच्या अगदी पलीकडून...

किर्र... किर्र... किर्र...

रत्नमालानं माझा हात घट्ट धरला. तो कसला आवाज आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं. कुणीतरी घाईघाईनं काहीतरी पुसत होतं. चिठ्ठीवर जे नव्हतंच, ते.

वच्छलाबाई मात्र हसल्या. विरळ दातांनी, लहान पोरासारखं हसल्या. कान काचेला लावला.

"ऐकलं का?" त्या म्हणाल्या. "व्हय म्हनतेत."